‘पुल शून्य’: जुन्या बोर्डांवर नवे कर्नल चढवताना

पुण्याजवळ भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका छोट्या कंपनीत मी एम्बेडेड, म्हणजे यंत्राच्या आतच चालणाऱ्या, सॉफ्टवेअरचे काम करते. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर लागणारे यंत्र आम्ही बनवतो. उत्पादकाने आणलेल्या दुधाचे वजन काट्याकडून आणि फॅट व एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) तपासणी यंत्राकडून घ्यायचे, दर काढायचा, आकडे समोरच्या फलकावर दाखवायचे आणि पावती छापून द्यायची, एवढे त्याचे काम. पण ते रोज सकाळी आणि संध्याकाळी, एकही दिवस न चुकता व्हावे लागते. यंत्राच्या आत ऑलविनरचा ए२० हा दोन कोअरचा प्रोसेसर, एक मायक्रो-एसडी कार्ड आणि लिनक्सचे ४.४ हे कर्नल, म्हणजे हार्डवेअर सांभाळणारा प्रणालीचा गाभा, आहे. हे कर्नल जानेवारी २०१६ मध्ये आले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याची अधिकृत देखभाल थांबली. त्यानंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नव्हत्या, म्हणून सर्व यंत्रांवर ५.१० चढवायचे ठरले आणि ते काम माझ्याकडे आले.

कामाला एक अट होती, आणि पुढचे सगळे त्या अटीतूनच उद्भवले. केंद्रांवर बसलेल्या यंत्रांत आम्हाला फक्त कर्नलची फाइल बदलता येत होती. बूटलोडर (यंत्र चालू होताच कर्नल उचलून सुरू करणारा छोटा प्रोग्राम) आणि डिव्हाइस ट्री (बोर्डावर काय कुठे जोडले आहे याचे कर्नलसाठी लिहिलेले वर्णन) ज्या भागात होते, तो भाग २०१६ मध्ये मुद्दाम अपडेटच्या आवाक्याबाहेर ठेवला होता, कारण तो लिहिताना वीज गेली तर यंत्र उठणारच नाही आणि माणसाला तिथे जावे लागेल, ही भीती रास्त होती. त्यामुळे नव्या कर्नलला सहा वर्षांपूर्वी लिहिलेले हार्डवेअरचे वर्णन जसेच्या तसे वाचून चालायचे होते.

या वर्णनातला सर्वांत नाजूक भाग पिनांचा असतो. ए२० मध्ये पीए पासून पीआय पर्यंत नऊ बँकांत मिळून १७५ पिना आहेत. एकच पिन कधी सीरियल पोर्टची असते, कधी कार्डची, कधी साधी चालू-बंद करण्याची. तिने कोणते काम करायचे, किती मिलिअँपिअर प्रवाह द्यायचा आणि तिला आतून वर किंवा खाली ओढणारा रोध (पुल-अप किंवा पुल-डाउन) जोडायचा की नाही, हे डिव्हाइस ट्रीत लिहिलेले असते आणि पिन कंट्रोल ड्रायव्हर, म्हणजे पिना सांभाळणारा कर्नलचा भाग, ते वाचून चिपच्या रजिस्टरांत, तिच्या आतल्या नियंत्रणाच्या खणांत, उतरवतो. लिनस वॉलेई यांनी उभी केलेली ही पिन कंट्रोलची व्यवस्था २०१२ च्या सुरुवातीला आलेल्या ३.२ या कर्नलपासून मुख्य प्रवाहात आहे. सुरुवातीला प्रत्येक चिप कंपनीच्या ड्रायव्हरची स्वतःची शब्दावली असे. आमच्या जुन्या वर्णनात म्हणूनच ‘ऑलविनर,पिन्स’, ‘ऑलविनर,फंक्शन’, ‘ऑलविनर,ड्राइव्ह’ आणि ‘ऑलविनर,पुल’ हे चार गुणधर्म आहेत. पुढे सर्वांसाठी सामाईक शब्द ठरले: ‘पिन्स’, ‘फंक्शन’, ‘ड्राइव्ह-स्ट्रेंग्थ’, ‘बायस-पुल-अप’. ऑलविनरचा ड्रायव्हर हे नवे शब्द ४.१० पासून ओळखतो.

जुनी डिव्हाइस ट्री नव्या कर्नलवर चालली पाहिजे, हा नियम कर्नलच्या दस्तऐवजांतच लिहिलेला आहे. नियम कागदावर असणे आणि ड्रायव्हरमध्ये असणे यांत फरक असू शकतो, म्हणून मी प्रथम ड्रायव्हर पूर्ण वाचून काढला. त्या वाचनाने मला मनापासून समाधान दिले, हे नोंदवले पाहिजे. ए२० साठीची स्वतंत्र फाइल आता राहिलेली नव्हती. ती ए१० च्या फाइलीत विलीन झाली होती, पण ज्या नावाने आमची डिव्हाइस ट्री ड्रायव्हरला हाक मारते ते नाव तसेच जपलेले होते. प्रत्येक गुणधर्म वाचताना आधी नवा शब्द शोधला जातो आणि तो नसेल तर जुना. ‘ऑलविनर,ड्राइव्ह’ मधला ० ते ३ हा क्रमांक एक मिळवून दहाने गुणला जातो आणि १० ते ४० मिलिअँपिअर असा सामाईक भाषेत आणला जातो. नव्या वर्णनात पिन कंट्रोलरला तीन क्लॉक (कामाचा ठेका देणारे संकेत) दिलेले असतात, आमच्याकडे एकच आहे; ड्रायव्हर आधी क्लॉकची संख्या मोजतो आणि एकच असेल तर नाव न विचारता तोच घेतो. एका पिनेवर पिन कंट्रोल आणि जीपीआयओ (साधी चालू-बंद पिन) अशा दोन्ही बाजूंनी मागणी आली तर ती नाकारणारी कडक पद्धतही ड्रायव्हरमध्ये आली आहे, पण ए२० सारख्या जुन्या चिपसाठी ती जाणीवपूर्वक बंद ठेवलेली आहे, कारण जुन्या वर्णनांत अशी दुहेरी मागणी सर्रास असते. आमच्या छपाईयंत्राचा वीजपुरवठा चालू करणारी पिन नेमकी तशीच दोनदा मागितलेली होती. आपल्याला कधीही न भेटलेल्या लोकांनी आपल्या बोर्डांचा इतका विचार करून ठेवला आहे, हे पाहून मी निश्चिंत झाले आणि कर्नल बांधायला घेतले.

पहिला अडथळा माझ्याच हाताने आला. कर्नल आटोपशीर करण्यासाठी अनावश्यक पर्याय काढताना मी ऑलविनरचे ‘जुने क्लॉक ड्रायव्हर’ हा पर्यायही बंद केला, कारण ए२० चे क्लॉक आता नव्या एकत्रित ड्रायव्हरकडे गेले आहेत एवढेच मला ठाऊक होते. परिणामी बोर्ड सुरू झाले की सुरुवातीच्या कन्सोलवर (कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या वाहिनीवर) काही ओळी येत आणि ‘वेटिंग फॉर रूट डिव्हाइस’ या ओळीवर, म्हणजे ज्या कार्डावर मुख्य फाइली आहेत त्याची वाट पाहत, सारे थांबे. नेहमीचे सीरियल कन्सोल उभेच राहत नव्हते, त्यामुळे आत शिरून पाहण्याची सोय नव्हती. शेवटी सुरुवातीचे कन्सोल चालू ठेवणारा पर्याय दिला, एक लहानसे तात्पुरते रूट कर्नलमध्येच भरले आणि रखडलेल्या उपकरणांची यादी कर्नलच्या लॉगमध्ये ओतायला लावली. यादीत पिन कंट्रोलर होता, कार्डचा कंट्रोलर होता आणि सीरियल पोर्टही होते. पिन कंट्रोलर क्लॉकची वाट पाहत होता, बाकीचे पिन कंट्रोलरची आणि आपापल्या क्लॉकची वाट पाहत होते, आणि क्लॉक देणारा ड्रायव्हर मीच काढून टाकला होता. त्या पर्यायाच्या मदतीच्या मजकुरात स्पष्ट लिहिले आहे की हे ड्रायव्हर जुन्या डिव्हाइस ट्रीसाठीच राखून ठेवले आहेत. मी तो मजकूर न वाचता पर्याय बंद केला होता. तो परत चालू करताच माझ्या टेबलावरचे बोर्ड उठले.

पुढचे दोन आठवडे सगळे सुरळीत चालले. लॉगमध्ये ‘सप्लाय व्हीसीसी-पीबी नॉट फाउंड, यूझिंग डमी रेग्युलेटर’ अशा ओळी प्रत्येक बँकेसाठी येत. प्रथम त्या पाहून मी दचकले, पण त्यांत काही दोष नव्हता. नवा ड्रायव्हर प्रत्येक बँकेच्या वीजपुरवठ्याची चौकशी करतो, जुन्या वर्णनात तो लिहिलेला नसतो, म्हणून कर्नल एक नाममात्र पुरवठा धरून पुढे जाते. वजनकाटा, तपासणी यंत्र, फलक, छपाई, सर्व तपासले आणि चाचणीसाठी आठ बोर्ड मागवले.

त्या आठांपैकी तीन बोर्डांनी नव्या कर्नलवर कार्ड वाचले नाही. एक कधी उठे, कधी न उठे. दोन कधीच उठली नाहीत. थांबण्याची ओळ तीच, ‘वेटिंग फॉर रूट डिव्हाइस’, त्यामुळे मी पुन्हा क्लॉकच्या मागे लागले आणि त्यात वेळ गेला. या खेपेला मात्र कन्सोल व्यवस्थित होते आणि त्यावर एसडी कार्ड सुरू करताना उणे ११० ही चूक, म्हणजे उत्तराची वाट पाहण्याची मुदत संपल्याची खूण, दिसत होती. कार्ड बदलले तर कधी बोर्ड उठे. एका कंपनीच्या कार्डावर हमखास अपयश, दुसरीच्या कार्डावर क्वचित. साहजिकच मी कार्डावर आणि मग कार्डाच्या ड्रायव्हरवर संशय घेतला आणि चार दिवस त्याच्या बदलांचा इतिहास वाचत बसले. एक गोष्ट मात्र त्या संशयात बसत नव्हती: याच कार्डावरून बूटलोडर कर्नलची फाइल दर वेळी बिनचूक वाचत होता. तीच वाट, तेच कार्ड, तोच क्षण. बूटलोडरला जमते आणि काही सेकंदांनी कर्नलला जमत नाही, याचा अर्थ मधल्या काळात वाटेतच काहीतरी बदलत असले पाहिजे.

म्हणून ड्रायव्हर काय म्हणतो ते बाजूला ठेवून चिपच्या आत प्रत्यक्ष काय लिहिले आहे ते पाहायचे ठरवले. ए२० मध्ये प्रत्येक बँकेला नऊ रजिस्टरे असतात: चार पिनेचे काम ठरवणारी, एक पातळीचे, दोन प्रवाहाची आणि दोन ओढीची. नऊ बँका म्हणजे ८१ आकडे. एकाच बोर्डावर, जे दोन्ही कर्नलवर कसेबसे उठत होते, आधी ४.४ खाली आणि मग ५.१० खाली हे ८१ आकडे वाचले, शेजारी शेजारी छापले आणि पेन्सिलने एकेक ओळ जुळवत गेले. पातळीचे रजिस्टर सोडायचे, कारण ते क्षणोक्षणी बदलते. उरलेल्यांत दोनच ओळी जुळल्या नाहीत. पहिली पीएफ बँकेच्या ओढीची: जुन्या कर्नलखाली हेक्साडेसिमलमध्ये ५५५, नव्याखाली शून्य. दर पिनेला दोन बिट, आणि ५५५ म्हणजे पीएफ० पासून पीएफ५ पर्यंत सहाही पिनांवर ‘०१’, अर्थात पुल-अप चालू. या सहा पिना म्हणजेच कार्डाची क्लॉक, कमांड आणि चार डेटा वाहिन्या. त्याच पिनांचे काम ठरवणारे २२२२२२ आणि प्रवाहाचे एएए हे आकडे दोन्हीकडे तंतोतंत सारखे होते. फक्त ओढ नाहीशी झाली होती. दुसरी ओळ पीबी बँकेची: पीबी२३ या पिनेचा पुल-अपही गेला होता. ती कन्सोलची ग्रहण करणारी पिन आहे.

आता डिव्हाइस ट्री उघडली. कार्डाच्या पिनांपुढे सहा वर्षांपासून लिहिलेले होते: ‘ऑलविनर,पुल’ शून्य. म्हणजे ओढ नको. नवे कर्नल वर्णनाप्रमाणेच वागत होते आणि जुने वागत नव्हते, हे उमगायला मला थोडा वेळ लागला. ४.४ चा ड्रायव्हर उघडून पाहिला तेव्हा उलगडा झाला. तिथे एक असेल तर पुल-अप, दोन असेल तर पुल-डाउन, आणि शून्य असेल तर काहीच करायचे नाही अशी रचना होती. ‘ओढ काढून टाक’ आणि ‘ओढीविषयी मला काही म्हणायचे नाही’ या दोन वेगळ्या सूचना त्या ड्रायव्हरला एकच वाटत. आमचा २०१६ चा यू-बूट हा बूटलोडर कार्ड वाचण्यासाठी या सहा पिनांवर स्वतः पुल-अप चढवतो आणि कन्सोलच्या पीबी२३ वरही चढवतो. जुने कर्नल तो तसाच राहू देत असे. ४.१० मध्ये ही चूक दुरुस्त झाली आणि शून्याचा अर्थ शून्य झाला. दुरुस्ती योग्यच आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. मुख्य कर्नलमधल्या ए२० च्या वर्णनातही कार्डाच्या पिनांवर पुल-अप स्पष्ट लिहिला गेला, त्यामुळे ज्यांनी कर्नल आणि डिव्हाइस ट्री दोन्ही एकत्र बदलले त्यांना काही जाणवलेही नसेल. आमच्याकडे मात्र जुने वर्णन ज्या चुकीच्या आधाराने बरोबर चालत होते, ती चूकच निघून गेली होती. शब्द सारे ओळखले गेले होते. त्यांतल्या एकाचा प्रत्यक्षातला परिणाम बदलला होता, आणि मी ड्रायव्हर वाचताना फक्त शब्द ओळखले जातात की नाही एवढेच पाहिले होते.

तरीही माझ्या टेबलावरचे बोर्ड का चालत होते, हा प्रश्न उरला. आमच्या हार्डवेअर विभागातील ज्येष्ठ सहकाऱ्यांकडे आठही बोर्ड घेऊन गेले. त्यांनी भिंग लावून कार्डाच्या खोबणीशेजारची जागा दाखवली. माझ्या बोर्डावर ४७ किलोओमचे पाच बारीक रोध ओळीने बसलेले होते. न उठणाऱ्या बोर्डांवर त्यांच्या जागी नुसते चकचकीत पॅड होते. एसडी कार्डाच्या प्रमाणकात कमांड आणि डेटा वाहिन्यांवर १० ते १०० किलोओमचा पुल-अप अपेक्षित आहे, आणि पहिल्या आवृत्तीत तो बोर्डावरच होता. त्यांनी २०१८ ची फाइल काढली. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी खर्च कमी करण्यासाठी एकेक भाग काढून चाचणी घेतली गेली, हे रोध काढल्यावरही सर्व बोर्ड महिनाभर चालले, म्हणून नकाशावर त्यांच्यापुढे ‘बसवू नये’ असे लिहिले गेले. “मॅडम, आम्ही तर चालवून बघूनच काढले होते,” ते म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे खरेच होते. त्यांनी काढलेला आधार त्यांच्या नकळत बूटलोडरने आणि कर्नलच्या चुकीने मिळून उचलून धरला होता. आठांतली उरलेली पाच बोर्डे पहिल्या आवृत्तीची होती.

उपाय निवडताना तीन वाटा समोर होत्या. पहिली, पिन कंट्रोल ड्रायव्हरमध्ये शून्याचा जुना अर्थ परत आणायचा. ती मी लगेच सोडली. दुरुस्त झालेली चूक आपल्या प्रतीत पुन्हा पेरायची म्हणजे पुढच्या प्रत्येक कर्नलमध्ये ती आठवणीने वाहून न्यायची. दुसरी, नवी डिव्हाइस ट्री कर्नलच्या फाइलीला शेपटासारखी जोडायची. ३२ बिटांच्या एआरएम कर्नलला अशी जोडलेली ट्री वापरता येते आणि मग बूटलोडरने दिलेली बाजूला पडते. पण आमचा बूटलोडर आपल्या ट्रीत बूटचे आदेश, स्मृतीचे मान आणि नेटवर्कचा पत्ता भरून देतो, ते सगळे त्याबरोबर गेले असते. तिसरी वाट मला पटली: जुन्या वर्णनातली उणीव कर्नलने सुरुवातीलाच, ड्रायव्हर जागे होण्याआधी, स्मृतीतल्या प्रतीत दुरुस्त करून घ्यायची. मार्व्हेलच्या काही चिपसाठी मुख्य कर्नल असेच करते, तेथे आयटूसी या चिपमधल्या संवादवाहिनीच्या नोंदीतले नाव सुरू होताना बदलले जाते. त्या नमुन्यावरून मी सुमारे ४० ओळी लिहिल्या. ट्रीच्या मुळाशी आमच्या बोर्डाचे नाव असेल तरच, आणि कार्डाच्या व कन्सोलच्या पिनांपुढे ‘ऑलविनर,पुल’ शून्य असेल तरच, तिथे एक लिहायचा.

पहिल्या प्रयत्नात कार्ड उणे २२ या चुकीने, म्हणजे अवैध मूल्य दिल्याच्या खुणेने, मुळातूनच नाकारले गेले. डिव्हाइस ट्रीतले आकडे मोठ्या टोकाकडून लिहिलेले असतात, मी एक हा आकडा प्रोसेसरच्या सवयीप्रमाणे उलटा लिहिला होता, आणि ड्रायव्हरने तो १६७७७२१६ असा वाचला. या निमित्ताने एक उपयोगी गोष्ट कळली. पिनांची मांडणी करताना उणे २२ आली तर कर्नल ती गंभीर मानून उपकरण थांबवते, पण मांडणीची नोंदच सापडली नाही तर मुकाट्याने पुढे जाते. त्यामुळे लॉग स्वच्छ दिसला म्हणजे पिना बरोबर आहेत असे मी आता धरून चालत नाही. आकडा सुलटा केल्यावर ८१ आकड्यांची यादी पुन्हा छापली. पीएफची ओळ ५५५ वर आली. पीबीच्या ओळीत जुन्यापेक्षा एक बिट जास्त चढले, कारण कन्सोलच्या दोन्ही पिना एकाच नोंदीत आहेत आणि संदेश पाठवणाऱ्या पीबी२२ वरही पुल-अप लागला. त्या पिनेला चिपच सतत पातळी देत असते, म्हणून ते राहू दिले. तिन्ही बोर्ड प्रत्येकी दोनशे वेळा बंद-चालू केली आणि एकदाही कार्ड हुकले नाही.

त्यानंतर सांगली जिल्ह्यातील एका केंद्रावर आम्ही पहिले यंत्र बदलले. मुद्दाम दुसऱ्या आवृत्तीचे बोर्ड निवडले होते. पहाटे सव्वापाचला सचिवांनी बटण दाबले, मी शेजारी लॅपटॉप घेऊन बसले होते, आणि रांगेतल्या पहिल्या उत्पादकाची किटली काट्यावर चढण्याआधी फलकावर शून्य आले. वजन आले, फॅट आली, पावती फाडून त्यांच्या हातात गेली. तो आठवडा तिथे काही बिघडले नाही, मग टप्प्याटप्प्याने बाकीची केंद्रे घेतली.

नव्या बोर्डांसाठी डिव्हाइस ट्री मात्र मी नव्या शब्दांत लिहिली. तिथेही एकदा हात पोळले: शब्द बदलणाऱ्या माझ्या छोट्या स्क्रिप्टने ‘ऑलविनर,ड्राइव्ह’ दोनचे ‘ड्राइव्ह-स्ट्रेंग्थ’ दोन केले. जुन्या भाषेत दोन म्हणजे ३० मिलिअँपिअर, नव्या भाषेत दोन म्हणजे दोनच, आणि दहाच्या खालचा आकडा ड्रायव्हर स्वीकारत नाही. पुन्हा तीच उणे २२, पण या वेळी कारण दहा मिनिटांत सापडले. ही नवी ट्री ४.४ वर चालत नाही, कारण त्या कर्नलला ‘ऑलविनर,फंक्शन’ हाच शब्द हवा असतो. त्यामुळे नव्या बोर्डांवर ४.४ कडे मागे फिरण्याची सोय अपडेटच्या प्रणालीतूनच काढून टाकली. ८१ आकड्यांची तुलना आता प्रत्येक कर्नलच्या चाचणीत आपोआप होते आणि बोर्डाच्या दोन्ही आवृत्त्यांवर होते.

तिसऱ्या आवृत्तीचा नकाशा गेल्या पावसाळ्यात सहीसाठी माझ्याकडेही आला. कार्डाच्या खोबणीशेजारचे ४७ किलोओमचे पाचही रोध त्यात परत आहेत. ‘बसवू नये’ ही टीप खोडली असून समासात आमच्या सहकाऱ्यांच्या अक्षरात लिहिले आहे: “काढण्यापूर्वी ओढीची रजिस्टरे वाचावीत.”